डाव्या चाकाचा दांडा

मरारटोली, वारासिवनी
१२ ऑक्टोबर १९६८

वसंता भाऊजी,

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुमचा पत्ता शेजारच्या चंपाबाईच्या भावानं दिला. तोही भिलाईलाच कामाला आहे, तुमच्या वर्कशॉपवरून त्याचं जाणं-येणं असतं म्हणाला. तुम्ही लग्न केलंत हेही त्याच्याकडूनच कळलं. बायकोचं नाव ललिता आणि ती कमी बोलते, एवढंच त्याला सांगता आलं.

पत्र कामाचं आहे. पोळा झाला आणि आपल्या जोडीतला एक बैल गेला. पोट फुगलं, गुरांचा डॉक्टर बालाघाटहून येईपर्यंत थांबला नाही. उरलेला एकटा गोठ्यात उभा असतो. टोलीत सगळ्यांचीच वांगी-कोबीचे वाफे तयार करायची वेळ आहे, कोण कोणाला जोडी देणार? यांनी कुदळीनं खणायला घेतलं आहे. सहा एकराचा मळा कुदळीनं होत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मी ट्रॅक्टर बाहेर काढायचं ठरवलं आहे.

तो गोठ्यामागेच आहे. त्या दिवशी नाल्यातून बैलांनी ओढून आणला आणि ताडपत्री टाकली, ती मी परवा पहिल्यांदा उचलली. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती. राइस मिलच्या सुखराम मिस्त्रीला बोलावून दाखवला. त्यानं हॅंडल फिरवून पाहिलं, म्हणाला, इंजिन जाम नाही, तेल बदललं की चालू होईल. पण स्टेअरिंगला हात लावायला तो तयार नाही. म्हणतो, असा बगीच्यातला छोटा विलायती ट्रॅक्टर मी कधी खोलला नाही. तुम्ही लिलावातून आणलात तेव्हा सगळा खोलून पुन्हा बसवला होता. मी तुम्हाला पाने हातात देत होते, पण तुम्ही काय करता ते बघत नव्हते.

तेव्हा एवढं लिहून कळवा. स्टेअरिंगचा डबा कसा खोलायचा? काय झिजलं आहे हे कशावरून ओळखायचं? आणि डाव्या चाकाला वळवणारा जो आखूड लोखंडी दांडा, तुम्ही त्याला आर्म म्हणायचात, तो मोडला आहे. तो कुठे मिळेल?

यांना हे काही माहीत नाही. उत्तर चंपाबाईच्या पत्त्यावर पाठवा.

त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. तुम्हीही लिहू नका.

पुष्पलता


मरारटोली
३ नोव्हेंबर १९६८

वसंता भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पहिल्या ओळीत आशीर्वाद नाही, शेवटी नमस्कार नाही, दोन्ही पानं नुसती स्टेअरिंगची. बरं वाटलं. पेन्सिलनं काढलेलं चित्र इतकं साफ आहे की मी ते भिंतीला टेकवून समोर ठेवून काम केलं.

तुम्ही लिहिलं तसंच केलं. मागच्या चाकांना दगड लावले. पुढचा भाग बाभळीच्या ओंडक्यावर चढवला. मग एकेक चाक वर-खाली धरून हलवलं. उजवं खडखड वाजलं. म्हणजे आतलं बुश, ते पितळी कडं, गेलं, असं तुम्ही लिहिलं आहे. स्टेअरिंग हातात धरून फिरवलं तर तळहाताएवढं रिकामंच फिरतं, मग कुठे खालचा गज हलतो. तुम्ही म्हणता बोटभर चालेल, त्याहून जास्त नको. मी खडूनं खुणा केल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.

आतलं ग्रीस वाळून काळा दगड झालं होतं. पळसाच्या काडीनं खरवडून काढलं, मग घासलेटनं धुतलं. दातांचं चाक दिसायला लागलं तेव्हा तुमचं म्हणणं पटलं. मधले दात पार बोथट झालेत आणि कडेचे कोरे आहेत. जन्मभर सरळ रस्त्यावर चाललेल्या गाडीचं असंच होतं, असं तुम्ही लिहिलंत. आता ते पाव फेरा फिरवून बसवायचं, म्हणजे कोरे दात कामाला येतील. ते अजून बसवलं नाही. कारण मी चाक हातात घेऊन बसले होते आणि हे आले.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. उभे राहून बघत राहिले.

"काय करून राह्यली तू?"

"स्टेअरिंग खोलून राह्यली."

"कोनं सांगतलं तुले हे सारं?"

"वसंता भाऊजीनं. पत्र लिव्हलं मी त्याईले."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "त्याचं नाव नाही घ्यायचं या घरात. मालूम हाये ना तुले?"

भाऊजी, मी कधी त्यांना उलट बोलले नव्हते. तुम्ही पाहिलं आहे. पण हात घासलेटनं भरलेले, मांडीवर ते दातांचं चाक, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग कोनाकोनाचं नाव नाही घ्यायचं ते एकदाच सांगून द्या. भाऊजीचं नाही, शीलाचं नाही. मंग आपन दोघं बोलायचं काय? वांग्याचं?"

ते निघून गेले. संध्याकाळी जेवले नाहीत.

तुम्हाला लिहू नका म्हटलं होतं आणि मीच लिहिते आहे. शीलाचं नाव मी त्या दिवशी चार वर्षांनी मोठ्यानं घेतलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. या घरात तिचं काही दिसत नाही. पाटी-दप्तर यांनी शाळेत देऊन टाकलं, कपडे तिच्या मामेबहिणीला. टोलीतल्या बायका माझ्यासमोर आपल्या मुलींना हाक मारतानाही आवाज कमी करतात. आणि तो दिवस कसा झाला हे मला आजही नीट माहीत नाही. ती बाजाराला येते म्हणून हट्ट करून फुलकोबीच्या पोत्यांवर चढली, नाल्याच्या उतारावर तुम्ही स्टेअरिंग फिरवलं आणि चाक वळलं नाही, एवढं माझ्या कानावर आलं. तुम्ही मोडलेल्या खांद्यानं तिला उचलून वारासिवनीच्या दवाखान्यापर्यंत नेलंत, हे मला लोकांनी सांगितलं. तुम्ही नाही. तेराव्याला सगळ्यांसमोर हे तुम्हाला म्हणाले, "तुझ्या हातानं गेली माझी पोरगी. गाडीचं पाहनं तुझं काम होतं." तुम्ही मान खाली घातलीत आणि पिशवी घेऊन निघालात. मी दारात उभी होते. मी थांबा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

आता कामाचं. आर्मचा अर्धा तुकडा चाकाला तसाच आहे, पण दुसरा अर्धा ट्रॅक्टरवर कुठेच नाही. नाल्यातच राहिला असेल का? मापासाठी तो लागेल असं सुखराम मिस्त्री म्हणतो. तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

पुष्पलता


मरारटोली
२६ नोव्हेंबर १९६८

वसंता भाऊजी,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. तो तुकडा सापडला.

मंगळवारी दुपारी सुखराम मिस्त्री वेल्डिंगचं सामान बैलगाडीत घालून आला. दातांचं चाक मी फिरवून बसवलं होतं, ते त्यानं हलवून पाहिलं आणि मान डोलावली. उजव्या चाकाला नवं पितळी बुश त्यानंच घडवून आणलं होतं, ते ठोकून बसवलं. मग आर्मचा अर्धा तुकडा काढला आणि म्हणाला, "बाई, दुसरा हिस्सा असता तं बरं झालं असतं. अंदाजानं लंबाई घेतली तं चाक तिरपं चालन."

हे तिथेच होते. त्या भांडणापासून माझ्याशी बोलत नव्हते, पण मी काम करत असले की जवळपास कुठेतरी असायचे. मिस्त्रीचं बोलणं ऐकलं आणि आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. ते धानाच्या कोठीत हात खांद्यापर्यंत घालून काहीतरी शोधत होते. बाहेर आले तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेलं काही होतं. ते त्यांनी मिस्त्रीच्या पुढे जमिनीवर ठेवलं.

फडकं तेलकट होतं. आत तो तुकडा, ग्रीस चोपडलेला. चार वर्षं कोठीत असूनही त्याला गंज नव्हता.

मिस्त्रीनं घासलेटचा बोळा फिरवला, मोडलेली बाजू उन्हाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग मला जवळ बोलावलं. "हे पाहा. अर्ध्याहून जास्त हिस्सा काळा, चिकना हाये, दिसला? आन् इकडला रवाळ, गुळाच्या भेलीसारका. रवाळ हिस्सा त्या दिवशी तुटला. काळा हिस्सा पुराना. बहुत दिवसांपासून आतून फाटत आला व्हता हा. आन् हे वरचं पाहा." त्यानं नखानं हिरवा रंग खरवडला. खाली जुन्या वेल्डिंगची गाठ होती. "तुमच्या घरी यायच्या पह्यलेच कोनी जोडून, घासून, रंग मारून ठेवला. बाहेरून कोनाले दिसनार? मले बी नसता दिसला. देवाले बी नसता दिसला."

मी यांच्याकडे पाहिलं. हे मिस्त्रीकडे बघत नव्हते, तुकड्याकडेही नाही. गोठ्याच्या कुडाकडे बघत होते.

मिस्त्री समजूतदार माणूस आहे. बिडी ओढून येतो म्हणाला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन बसला.

मी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"हौ."

"कवापासून?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. नाल्यात गेलतो, दगडगोट्यात पडला व्हता. बालाघाटच्या लोहाराले दाखोला. त्यानं बी हेच सांगतलं."

भाऊजी, तुम्ही तेराव्यालाच गेलात. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही गोंदियाच्या गाडीत असाल किंवा पुढे दुर्गला पोचला असाल, आणि इकडे यांना कळलं होतं.

मी रागावले नाही. मला राग यायला हवा होता. मी एवढंच विचारलं, "मंग त्याईले काहून नाही बलावलं वापस?"

ते खाली बसले. त्या जमिनीवर, घासलेट सांडलेलं होतं तिथेच. जे बोलले ते मी आहे तसं लिहिते. "वसंताची चूक व्हती तवर माह्याजवळ काहीतरी व्हतं. त्याच्यावर राग तं करता येत व्हता. लोहारानं सांगतलं आन् मंग कोनीच नाही उरलं. कोनाची चूक नाही आन् पोरगी गेली. हे मले नाही झेपलं."

मग म्हणाले, "फेकून द्याले पाह्यजे व्हता तुकडा. दोनदा नदीवर नेला. नाही फेकला गेला. गंज नको चढाले मनून ग्रीस लावत राह्यलो."

मी त्यांच्याजवळ बसले. दोघंही रडलो नाही. मिस्त्री दोन बिड्या ओढून आला तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो.

मिस्त्रीनं वेल्डिंगचं सामान परत गाडीत घातलं. म्हणाला, एकदा जोडलेल्या दांड्यावर मी पुन्हा जोड मारणार नाही, याला नवा घडवलेलाच पाहिजे, आणि तो आपल्या भट्टीत होणार नाही. दोन्ही तुकडे जुळवून त्यानं कागदावर माप काढून दिलं आहे. ते सोबत पाठवते.

तुमची चूक नव्हती. हे वेगळ्या ओळीत लिहावं वाटलं, म्हणून लिहिलं.

पुष्पलता


मरारटोली
१७ डिसेंबर १९६८

चि. वसंता भाऊजी व ललिता यांना आशीर्वाद,

तुमचं पत्र आलं. मला वाटलं होतं ते वाचून तुम्हाला हलकं वाटेल. तुम्ही लिहिलंत, "वहिनी, तुकड्याचं खरं असेल. पण त्या दिवशी सकाळपासून स्टेअरिंग माझ्या हातात थरथरत होतं. मी उतरून चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे नट आवळले आणि पुढं निघालो. आर्म पाहिला नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही मला मोकळं करू नका."

हे वाचून मी पत्र घडी करून कमरेला खोचलं आणि पूर्ण दिवस तसंच ठेवलं. यांना दाखवावं की नाही ते कळेना. दाखवलं तर जुना राग परत जागा होईल अशी भीती होती. पण घरात आणखी एक गोष्ट लपवून ठेवायची, म्हणजे आपण इतकी वर्षं केलं तेच पुढे चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मळ्यात पाणी देताना वाचून दाखवलं. हे पाटाच्या कडेला फावडं टेकून ऐकत होते. तुम्हाला माहीत आहे, त्यांना अक्षर लागत नाही.

ऐकून झाल्यावर म्हणाले, "थरथरते असं त्यानं मले सांगतलं व्हतं."

मी म्हटलं, "कवा?"

"निंगायच्या वक्ती. म्हने, दादा, आज राहू द्या, बैलगाडीनं जाऊ. मी मनलं, बैलगाडीनं पोचेपर्यंत बाजार उठून जाते, फुलकोबी काय घरी खाशीन? मीच हाकललं त्याले. तो इसरला असन. मी नाही इसरलो."

तुम्ही विसरला नाहीत, हे मला माहीत आहे. तेराव्याला सगळ्यांसमोर तुम्ही एक वाक्य बोलला असता तर सगळं यांच्यावर आलं असतं. तुम्ही बोलला नाहीत. मोडका खांदा घेऊन मान खाली घातलीत. आणि आज पत्रातही ते लिहिलं नाहीत, फक्त आपलं लिहिलंत.

पाटाचं पाणी वाफ्यावरून वाहून जात होतं, मी जाऊन बांध घातला. मी परत आले तेव्हा हे म्हणाले, "लिव्ह त्याले." म्हणून पुढचं ते सांगतात तसं लिहिते. मी मधे काही घातलं नाही.

"वसंता, मी तुझा दादा टिकाराम. माप भेटलं असन. दांडा तूच घडव. दुसऱ्या कोनाचा मी लावनार नाही. घडवून पोस्टानं पाठवू नको, सोता घेऊन ये. तुह्या खांद्याले थंडीत दुखते काय? मी तुले लोकांसमोर बोललो, ते लोकांसमोरच वापस घ्याले पाह्यजे, पन मले तसं बोलता येत नाही, तुले मालूम हाये. तू ये. बायकोले घेऊन ये. आता बस, पुष्पा, अजून काय लिव्हू."

शेवटचं वाक्यही लिहून टाकलं आहे, कारण सांगितलं तसं लिहायचं असं ठरलं होतं.

ललिताला सांगा, आमच्याकडे थंडी भिलाईहून जास्त आहे, चादर जास्तीची आणावी.

पुष्पलता


मरारटोली
२३ फेब्रुवारी १९६९

चि. वसंता भाऊजी व सौ. ललिता यांना आशीर्वाद,

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. इथे तुम्ही होतात तेव्हाचं काही लिहीत नाही, तुम्ही पाहिलंच आहे. एकच लिहिते, जे तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही ट्रॅक्टरखाली होता.

नवा दांडा बसवून झाल्यावर तुम्ही चाकांचं अंतर मोजायला दोरी मागितलीत. पुढच्या बाजूला चाकं एकमेकांच्या जरा जवळ हवीत, मागच्या बाजूला जरा लांब, नाहीतर गाडी रस्ता सोडते, असं तुम्ही खालूनच समजावत होता. दोरीचं एक टोक तुमच्या हातात आणि दुसरं यांच्या. तुम्ही म्हणालात, "दादा, ताणून धरा." यांनी ताणून धरली. तुम्ही म्हणालात, "थोडी ढील द्या." यांनी ढील दिली. आणखी काही नाही. पण यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात दोरीला गुंतल्यामुळे पुसता येत नव्हतं. ललितानं ते पाहिलं. तिनं माझ्याकडे बघून मान फिरवली आणि चुलीकडे गेली. कमी बोलते हे खरं आहे. पण समजते सगळं.

आता इकडचं. ट्रॅक्टर चालतो आहे. हे त्यावर बसत नाहीत. मी बसते. पहिल्या दिवशी टोलीतली सगळी माणसं बांधावर उभी होती. मळ्याची पुढची बाजू नांगरली, मागची उरली आहे. स्टेअरिंग आता हातात हलकं नाही, जरा जड आहे, पण फिरवलं की चाक वळतं, मधे रिकामं काही नाही. हे माझ्याबरोबर चालतात, बांधाच्या कडेकडेनं. सुरू करण्याआधी रोज खाली वाकून प्रत्येक जोड हातानं हलवून पाहतात. ग्रीस भरायचं पिचकारीसारखं जे तुम्ही देऊन गेलात, ते त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेलं नाही, माझ्याही नाही. भेंडी लावून झाली. धणे टाकले होते, त्यांचा सांबार उगवून आला आहे.

बसस्टॅंडवर तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, इतक्या वर्षांनी काहून लिव्हलं?" बस सुटत होती, मी बैल गेला म्हणून असं काहीतरी म्हटलं. बैल गेला हे खरंच आहे. मळा नांगरायचा होता हेही खरं. पण ताडपत्री उचलली तेव्हा मला ट्रॅक्टर दिसला नव्हता. त्याच्या सीटच्या मागे तुम्ही तिच्यासाठी पोत्याची गादी शिवून बांधली होती, ती दिसली. उंदरांनी कुरतडलेली. ती गादी शिवताना तुम्ही आणि ती भांडत होता, तिला लाल दोऱ्यानं शिवून हवी होती. मला वाटलं, हे आठवणारी माणसं जगात तीनच आहेत. त्यातला एक बोलत नाही, एकाला आम्ही घालवून दिलं, आणि मी एकटी किती दिवस आठवत राहू? म्हणून लिहिलं.

परवा जेवताना एक गोष्ट झाली, ती सांगते आणि पत्र संपवते.

मी भाकरी वाढत होते आणि हे अचानक, न विचारता म्हणाले, "शीला त्या ट्रॅक्टरले चारा टाके, आठवते?" मी हातातली भाकरी तशीच धरून राहिले. म्हणाले, "वसंतानं घरी आनला तवा, पह्यल्या दिवशी. हिरवं गवत आनून ठेवलं समोर. म्हने, बाबा, हा कामून खात नाही?" आणि हसले. भाऊजी, ते हसले. घास तोंडात होता, ठसका लागला.

मी म्हटलं, "गवत नाही. तनस होती."

"गवत व्हतं. मी पाह्यलं."

"तुमी बाजारात गेलते त्या दिवशी. मी पाह्यलं. धानाची वाळली तनस होती, सारी घरभर सांडत आली मनून मी तिले रागावली बी."

"तू रागावली ते पानी टाकलं तवा. बालटी घेऊन आली व्हती त्याले पाजाले."

"पानी दुसऱ्या दिवशी."

"त्याच दिवशी."

आम्ही दोघं भाकरी थंड होईपर्यंत भांडलो. ते म्हणतात गवत, मी म्हणते तणस. ते हट्टाला पेटलेत आणि मीही माघार घेणार नाही.

तुम्ही तिथे होतात. तुम्ही हसत होतात हे मला नक्की आठवतं, पाना हातात घेऊन. गवत होतं की तणस, ते उलट टपालानं कळवा.

तुमची वहिनी,
पुष्पलता